एक गळा कमी झाला की

माणूस सुटतो तो नेमका कार्यक्रमाच्या तोंडावर. गणपती आठ दिवसांवर आलेले असतात, आणि कुणीतरी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतं, "आता मला जमायचं न्हाई बघा." कारण खरंच असतं. सुनेचं बाळंतपण, मुलाची पुण्याला बदली, नाहीतर गुडघे. रागावून काही होत नाही. वही उघडायची.

मी बेळगावच्या वडगावात ब्लाउज शिवते आणि गुरुवारी संध्याकाळी पेटी वाजवते. १९९९ साली गल्लीतल्या ११ बायका विठ्ठलाच्या देवळात एकादशीचं भजन म्हणायला बसलो, तोच आमचा गट. तेव्हा सगळ्यांचा एकच सूर आणि टाळ असा दणक्यात, की कोण बेसूर आहे ते देवालाच ठाऊक. आज आम्ही आठजण आहोत, पाच बायका आणि तीन पुरुष, आणि धृपद, म्हणजे अभंगाची फिरून फिरून येणारी ओळ, तीन आवाजांत लावतो. पहिल्या ११ पैकी तिघी उरल्या. वहीत आल्यागेल्यांची नावं मोजली तर ३४ भरतात. कुणी लग्न होऊन कोल्हापूरला गेली, कुणी पणजीला. पोरांना बेंगळूरच्या नोकऱ्या लागल्या. दोघी देवाघरी गेल्या. एक भांडून गेली, त्यात निम्मी चूक माझी.

संगीताची परीक्षा मी दिलेली नाही. ३४ माणसं बदलूनही गट कसा चालू ठेवायचा, तेवढं मात्र हाताखालून गेलंय.

गेलेल्यासारखा गळा शोधू नका

ही चूक मी केली, म्हणून आधी तीच सांगते. आमच्यात एक आक्का होत्या. त्यांचा तार सप्तकातला, म्हणजे वरच्या सप्तकातला, पंचम असा लागायचा, की देवळाबाहेर चपला काढणारा माणूस तसाच उभा राहायचा. सगळा गट त्या आवाजाभोवती शिवलेला. पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, कारण आक्कांना ती बरी. गौळणीही आक्का खुलतील अशाच. २०११ साली आक्का मुलाकडं पुण्याला गेल्या.

मग मी काय केलं, तर १९ वर्षांची एक मुलगी शोधली, आवाज उंच होता म्हणून. आणि तिला सांगितलं, "आक्कांगत गा." बिचारीनं दोन महिने रेकॉर्डिंग ऐकून आक्कांच्या गळ्याची प्रत्येक हरकत उचलली. गणपतीत तिसऱ्या रात्री, मंडप भरलेला असताना, त्याच पंचमावर तिचा आवाज फाटला. ती थांबली, तिच्याकडं बघून बाकीच्या थांबल्या, आणि पखवाजवाले तात्या एकटेच दोन आवर्तनं वाजवत राहिले. पुढच्या गुरुवारी ती आली नाही.

गिऱ्हाईक बाई नवी आणि ब्लाउज जुन्या बाईच्या मापाचं, असं मी दुकानात एकदा तरी केलं असतं का? गळ्याच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत केलं.

तेव्हा पहिलं काम हे, की जागा भरायची नाही. उरलेल्या सगळ्यांची मापं नव्यानं घ्यायची, आणि नवा माणूस येईल त्याचंही घ्यायचं. गाणं त्या मापांवर बेतायचं.

माप कसं घ्यायचं

मोबाईलवर तंबोरा लावा. पेटी बंद. एकेकाला आत बोलवा, बाकीच्यांना बाहेर उप्पीट खाऊ दे. सगळ्यांसमोर कुणी खरा आवाज काढत नाही, विशेषतः नव्या सुना.

मध्य सप्तकाच्या 'सा'पासून खाली उतरायला सांगा, आणि नुसता आकार नको, अभंगाचा एखादा शब्द घेऊन. सूर लागतो पण शब्द कळत नाही, तिथं खालची रेघ मारा. मग वर चढवा. हनुवटी उचलली गेली किंवा कपाळाला आठी पडली की वरची रेघ. आवाज त्याच्या पुढंही जातो, नाही असं नाही, पण ते जाणं कार्यक्रमात तिसऱ्या तासाला कामाचं नाही. दोन रेघांच्या मध्ये जे सुखानं गाता येतं, तेच माप. तारीख घालून वहीत लिहा.

आम्ही हे दरवर्षी दिवाळीनंतर करतो. आषाढ-श्रावणात करू नका. बेळगावच्या पावसात निम्म्यांचे गळे बसलेले असतात, आणि पेटीच्या पट्ट्याही फुगून अडकतात.

दरवर्षी कशाला, असं विचारतात. कारण माणूस तोच राहिला तरी गळा तोच राहत नाही. तेराच्या आसपास पोराचा आवाज फुटतो आणि वर्षभर कुठंही घसरतो. बायकांचा पन्नाशीनंतर वरचा टप्पा बऱ्याचदा कमी होतो आणि खाली एक-दोन सूर वाढतात. माझंच माप बघा. १९९९ मध्ये काळी चारात तारातला पंचम यायचा, आता गंधारावर हनुवटी उचलली जाते. वहीत ते लिहिताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वहीत आलं म्हणून मी वरचा आवाज सोडला. नसतं आलं तर अजून किंचाळत बसले असते आणि कुणी तोंडावर बोललं नसतं.

आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयातून उठले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. लांबलचक दमाचं गाणं गेलं, आणि छोट्या, धारदार तुकड्यांची त्यांची गायकी उभी राहिली. त्यांची आपल्याशी तुलना नाही. पण दम कमी झाला म्हणून गाणं बदलणं ही लाज नव्हे, एवढं मी आमच्या म्हाताऱ्यांना त्यांचं नाव घेऊनच पटवते.

मापं आली की पट्टी ठरवायची. सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक लिहा आणि मुख्य चालीचा सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खालचा सूर त्यात बसवून बघा. आक्का गेल्यावर आम्ही काळी पाचावरून काळी चारावर आलो, हट्टानं, तीन वर्षं उशिरा. आता काळी तीन. वारकरी पद्धतीनं उंच पट्टीत वाढलेले तात्या पहिले सहा महिने कुरकुरले, "भजन हाय का अंगाई?" पण आमच्या दोन तरुण पोरांचा मंद्रातला, खालच्या सप्तकातला, पंचम त्या पट्टीत असा भरून येतो, की नंतर तेही गप्प झाले.

साचा पक्का की माणसं पक्की

माझा भाचा पुण्यात कॉलेजच्या गाण्याच्या गटात होता, वाद्याशिवाय नुसत्या तोंडानं गाणाऱ्या. तो मला बाहेरच्या गटांची गाणी पाठवायचा. त्यांतून एक गोष्ट कळली. माणसं बदलल्यावर गट चालवायच्या दोन तऱ्हा आहेत.

एक तऱ्हा इंग्लंडच्या किंग्ज सिंगर्सची. १९६८ पासूनचा सहा पुरुषांचा गट. दोन अगदी उंच आवाजाचे, एक त्याखालचा, दोन मधले, एक खर्जाचा. आज मूळच्या सहांपैकी एकही नाही, पण तो साचा तसाच आहे. एक गेला की त्याच जातीचा दुसरा निवडून आणतात.

दुसरी अमेरिकेतल्या टेम्प्टेशन्स या पाचजणांच्या गटाची. १९६८ मध्येच त्यांचा मुख्य गायक डेव्हिड रफिन याला काढलं आणि डेनिस एडवर्ड्स आला. तो खरखरीत, जोरकस गळ्याचा. त्याच्याकडून आधीच्या माणसाची नक्कल करून घेतली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी गाण्याचा बाजच पालटला. एकानं पुढं गायचं आणि चौघांनी मागं झील धरायची, हे मोडून पाचही जणांनी ओळी वाटून घेतल्या.

पहिली तऱ्हा ऐकायला देखणी. पण तिला निवडायला शंभर माणसं दारात लागतात. आमच्या दारात कोण येतं? शेजारची वहिनी, तिच्यासोबत तिची नणंद, आणि दहावी झालेलं एक पोरगं, ज्याला आईनं ढकललंय. तेव्हा गल्लीतल्या गटानं दुसरीच तऱ्हा धरावी, असं माझं स्वच्छ मत. आक्का गेल्यावर मी पहिल्या तऱ्हेनं चालले आणि एका पोरीचं गाणं सुटलं.

तिसरं उदाहरण पेन मसालाचं, भाच्याचं लाडकं. १९९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेला, हिंदी गाणी तोंडानं वाजवून म्हणणारा विद्यार्थ्यांचा गट. तिथं शिक्षण संपलं की माणूस जातो, म्हणजे दरवर्षी कुणीतरी जाणारच. जाणं आधीपासून धरून चाललं की तयारीही आधीपासून होते. हे मी उचललं. आता कुणी लग्न ठरल्याचं सांगितलं की पेढा घेतानाच मी विचारते, "तारीख कधीची? तुझी ओळ कुणाला देऊन जातीस?"

ओळ हातात द्यायची

ही पद्धत मात्र आपल्याच घरची. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की पुढचा उभा राहतो, देणाऱ्याच्या पाया पडतो, गळ्यातली वीणा गळ्यात जाते आणि नाम चालूच राहतं. गाण्यातली ओळ तशीच द्यायची. जाणाऱ्या माणसानं निदान चार गुरुवार येणाऱ्याच्या शेजारी बसावं. पहिल्या गुरुवारी जुनी गाते, नवी ऐकते. दुसऱ्या-तिसऱ्याला दोघी मिळून. चौथ्याला नवी गाते आणि जुनी नुसता टाळ धरते. जुनीनं सुधारायला तोंड उघडलं की मी पेटीवर बोट आपटते.

शिवाय जाण्याआधी तिची ओळ तिच्याच आवाजात मोबाईलवर घ्या, पेटीशिवाय, एकटीची. सगळ्या गटाच्या रेकॉर्डिंगमध्ये मधला आवाज ऐकूच येत नाही. आमचा मधला आवाज धरणारी वहिनी २०१६ मध्ये अचानक गेली. वरची ओळ सगळ्यांना पाठ होती, तिची कुणालाच नाही. ती ओळ होती, हेसुद्धा ती नसताना कळलं. मागून नवी बसवली, ती वेगळी झाली.

अगदीच नवा माणूस आला तर दीड महिना त्याला फक्त चाल द्या, वरखालची ओळ नको. आणि बसवताना दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये बसवा. कडेला बसवलेला नवा माणूस एका कानानं गातो आणि दुसऱ्या कानानं रस्त्यावरच्या रिक्षा ऐकतो.

तीन आवाज आणि भूप

आता जरा पेटीजवळ या, कारण खरी अडचण इथं आहे. आपल्या चाली रागातल्या. बाहेरचा स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर धरणं, जसाच्या तसा लावला की राग मोडतो.

भूप रागातली चाल घ्या. सा रे ग प ध, पाचच सूर. चाल म्हणणाऱ्याच्या वर दुसरा आवाज लावायचा तर एक सूर सोडून पुढचा धरा. 'सा'ला ग, 'रे'ला प, 'ग'ला ध, 'प'ला वरचा सा, 'ध'ला वरचा रे. वाजवून बघा. सा-ग लगेच गोड मिसळतं. बाकीच्या चारही जोड्यांत अंतर थोडं जास्त, सा ते म एवढं पडतं, कारण मध्ये म आणि नि नाहीत. तिथं आवाज जरा उघडा, मोकळा वाटतो. सिनेमातली गाणी आणि गिटार यांवर वाढलेल्या पोराला ते रिकामं वाटतं, आणि तो रेवर हळूच म लावतो. गोड लागतं, पण भूप गेला. त्याला ओरडू नका. दोन्ही वाजवून दाखवा आणि डोळे मिटून ऐकायला सांगा. आमच्याकडं एकानं तरीही म आवडला म्हणून सांगितलं. मग त्याच्यासाठी एक वेगळं गाणं बसवलं, ज्यात म आहे. भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तिसरा आवाज खाली सा धरून राहतो, मधूनच पंचमावर जातो. मालकंस रागात तेही चालत नाही, कारण तिथं पंचमच नाही. सा आणि मध्यम धरा. राग बदलला की खर्जवाल्यानं काय धरायचं, ते वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ऐन वेळी हाताच्या सवयीनं पंचम लागतो आणि सगळं फिसकटतं.

आणखी एक, पेटीवाल्यांनी मनावर घ्यावं असं. स्वरमेळाची तालीम पेटीवर करू नका. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट हे सुरांतलं अंतर मोजायचं माप), म्हणून शुद्ध गंधार ४०० वर बसतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार साधारण ३८६ वर असतो. १४ सेंटचा फरक एकट्यानं गाताना कळत नाही. तिघं मिळून सा-ग-प धरतात तेव्हा पेटीचा गंधार किंचित टोचतो. पेटी बंद करून तंबोऱ्यावर धरलं की तोच सूर खाली बसतो आणि तिन्ही आवाज एका भांड्यातून आल्यासारखे वाटतात. एकदा तसं झालं तेव्हा आमच्या एका काकींनी गाणं थांबवून विचारलं, "ही चौथी कोण गाऊ लागली?"

टाळ त्या वेळी खाली ठेवा. टाळाच्या खणखणाटात तीन आवाज म्हणजे आमटीत अत्तर. आम्ही चरण एका सुरात, टाळासकट म्हणतो, आणि धृपदावर टाळ थांबवून आवाज फोडतो. आठ माणसांत तेवढंच नीट होतं. माणूस कमी झाला आणि तिसरा आवाज उरला नाही, तर वरचा काढा, खालचा नको. पाया ठेवून पत्रे काढलेले परवडतात.

दोन भाषा, तीन लिप्या

आमच्या भागात हा एक वेगळाच कारभार. जुन्या बायका देवनागरी वाचतात, दोघी कन्नड शाळेत शिकलेल्या, आणि पोरं इंग्रजी अक्षरात अभंग लिहून घेतात. गाणी मराठी आणि कन्नडही, कारण पुरंदरदासांचा विठ्ठल आणि तुकोबांचा विठ्ठल एकाच विटेवरचा. तिन्ही लिप्यांत वह्या ठेवा, वेळ जातो पण रुसवे वाचतात.

उच्चारांकडं मात्र लक्ष हवं. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. आम्ही मराठी माणसं ते सगळे लांबवतो, आणि शब्द कानडी माणसाला खटकतो. आम्ही ऱ्हस्वाखाली टिंब देतो. उलट बाजूनं, कन्नड शाळेतल्या मुलींना 'माझा' आणि 'माझी' यांतले दोन झ वेगळे आहेत, हे सांगावं लागतं. आठजणांत एकीचा झ वेगळा पडला तर शेवटच्या रांगेतसुद्धा ऐकू येतं.

ऐकणाऱ्यांचं काय

ते म्हणणारच, "पूर्वीसारखं राहिलं न्हाई." आक्का गेल्यावर म्हणाले, पुरुष आले तेव्हा म्हणाले, तीन आवाज लावले तेव्हा तर एका आजोबांनी विचारलं की हे चर्चमधलं भजन का? मला राग आला नाही, बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चचं गाणं ऐकूनच मला पहिल्यांदा स्वरमेळाची गोडी लागली होती. मी त्यांना तसंच सांगितलं.

एका कार्यक्रमात एकच नवी गोष्ट. सुरुवातीचा रूपाचा अभंग आणि शेवटचं पसायदान आम्ही आजही १९९९ सारखंच म्हणतो, एका सुरात. वारही गुरुवारच. बाकी मधलं हळूहळू बदला. पाच-सहा वर्षांनी लोक नव्यालाच जुनं म्हणू लागतात.

सुटीला परत आलेल्या जुन्या माणसांना काय द्यायचं, हा नाजूक प्रश्न. आपली जुनी ओळ हक्काची, असं त्यांना वाटतं. पण त्या ओळीवर आता दुसरी बसलेली असते, आणि पट्टीही उतरलेली. मी टाळ देते आणि चहा आधी देते.

मागच्या आठवड्यात पुण्याहून आक्कांचा फोन आला. चैत्रात बेळगावला यायच्या आहेत, वय ७८.

"हल्ली कुठल्या पट्टीत म्हणता गं?"

"काळी तीन."

"आगं बाई! एवढी खाली?"

"या की तुम्ही. दारातच माप घेते."

पलीकडून जरा वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी फोनवरच सा लावला. मी पेटी उघडून बघितलं. पांढरी तीन.